अतिलघु लेसर स्पंदांचे वक्र आरशांद्वारे केंद्रीकरण

अतिलघु लेसर स्पंदांचे वक्र आरशांद्वारे केंद्रीकरण म्हणजे काही फेम्टोसेकंद ते काहीशे फेम्टोसेकंद एवढाच काळ टिकणारा लेसर प्रकाशाचा स्पंद भिंगाऐवजी अंतर्गोल आरशाच्या साहाय्याने अतिशय लहान जागेत एकवटण्याची पद्धत होय. एक फेम्टोसेकंद म्हणजे एका सेकंदाचा १०^१५ वा भाग. (या लेखात १०^१५ ही खूण १० चा १५ वा घात, म्हणजे एकावर पंधरा शून्ये, या अर्थी वापरली आहे.) काचेच्या भिंगातून जाताना असा स्पंद काळात लांबतो आणि अवकाशात पसरतो, त्यामुळे त्याची कमाल तीव्रता घटते. आरशावरील परावर्तनात प्रकाश काचेतून जातच नाही आणि परावर्तनाचा नियम सर्व रंगांना सारखाच लागू असतो. म्हणून स्पंद जितका आखूड आणि शक्तिशाली, तितकी आरशाची आवश्यकता अधिक. उच्च तीव्रतेच्या लेसर प्रयोगांत शेवटचे केंद्रीकरण बहुधा अक्षबाह्य अन्वस्तीय आरशाने केले जाते.

अतिलघु स्पंदांचे स्वरूप

प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर अंतर कापतो; एका फेम्टोसेकंदात तो केवळ ०.३ मायक्रोमीटर पुढे जातो. त्यामुळे ३० फेम्टोसेकंदांच्या स्पंदाची अवकाशातील जाडी सुमारे ९ मायक्रोमीटर असते. शलाकेचा व्यास काही सेंटिमीटर असेल, तर हा स्पंद म्हणजे साध्या कागदाच्या सुमारे दहाव्या भागाइतक्या जाडीची, प्रकाशाच्या वेगाने पुढे सरकणारी तबकडीच असते. केंद्रीकरण करताना ही तबकडी एका बिंदूकडे आकुंचित होत जावी, परंतु तिची जाडी वाढू नये, अशी अपेक्षा असते.

स्पंद आखूड असण्याची एक अपरिहार्य अट आहे. त्यात अनेक तरंगलांबींचा प्रकाश एकत्र असावा लागतो. काळातील लांबी आणि कंप्रतांचा पट्टा यांचा गुणाकार एका ठरावीक किमतीखाली जाऊ शकत नाही. गाउसीय आकाराच्या स्पंदासाठी ही किंमत ०.४४१ आहे. ८०० नॅनोमीटर तरंगलांबीभोवतीच्या १०० फेम्टोसेकंदांच्या स्पंदाला त्यानुसार किमान ९ नॅनोमीटर रुंदीचा पट्टा लागतो, तर १० फेम्टोसेकंदांच्या स्पंदाला सुमारे ९४ नॅनोमीटर. अतिलघु स्पंद एकरंगी नसतो ही गोष्ट या विषयातील बहुतेक अडचणींच्या मुळाशी आहे.

असे स्पंद निर्माण करण्यासाठी टायटॅनियम-नीलम लेसर मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. त्याचे कार्य पीटर मोल्टन यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतील लिंकन प्रयोगशाळेत दाखवून दिले. १९८५ मध्ये डोना स्ट्रिकलंड आणि जेरार्ड मुरू यांनी रॉचेस्टर येथे चर्प-स्पंद विवर्धनाची पद्धत विकसित केली. तीत स्पंद आधी काळात ताणला जातो, मग त्याचे विवर्धन केले जाते आणि शेवटी विवर्तन जालकांच्या साहाय्याने तो पुन्हा आखूड केला जातो. या कार्यासाठी दोघांना २०१८ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. या पद्धतीमुळे टेरावॉट (१०^१२ वॉट) आणि पेटावॉट (१०^१५ वॉट) शक्तीचे स्पंद शक्य झाले आणि ते न बिघडवता एकवटायचे कसे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

भिंगाच्या मर्यादा

अतिलघु स्पंदाच्या बाबतीत भिंगाचे चार दोष विचारात घ्यावे लागतात.

पहिला दोष वर्ण विपथनाचा. काचेचा अपवर्तनांक तरंगलांबीनुसार बदलतो, म्हणून भिंगाचे नाभीय अंतरही रंगागणिक बदलते. नेहमीच्या बोरोसिलिकेट क्राउन काचेचे १०० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग घेतले, तर १० फेम्टोसेकंदांच्या स्पंदातील दोन टोकांच्या रंगांच्या नाभी एकमेकींपासून सुमारे ०.३६ मिलिमीटर दूर पडतात. २० मिलिमीटर व्यासाच्या शलाकेसाठी नाभीची खोली, म्हणजे जेवढ्या अंतरात ठिपका लहान राहतो ते अंतर, मध्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे ०.०४ मिलिमीटरच असते. अर्थात सर्व रंग एकाच ठिकाणी एकवटत नाहीत.

दुसरा दोष कमी परिचित आहे. भिंगाचा आकार असा असतो की मध्यातून आणि काठाजवळून गेलेले तरंगाग्राचे भाग नाभीपाशी एकाच कलेत पोहोचावेत. परंतु स्पंदाची ऊर्जा तरंगाग्राच्या वेगाने जात नाही. ती समूह वेगाने जाते आणि काचेत समूह वेग त्याहून कमी असतो. बहिर्गोल भिंगाच्या मध्यभागी काच जाड असल्याने तेथून जाणारा स्पंदाचा भाग काठाजवळच्या भागापेक्षा मागे पडतो. वरील १०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगात, २० मिलिमीटर व्यासाच्या शलाकेसाठी, मध्य आणि काठ यांच्या पोहोचण्याच्या वेळेत सुमारे ५० फेम्टोसेकंदांचा फरक पडतो. म्हणजे मूळ स्पंद १० फेम्टोसेकंदांचा असला, तरी नाभीपाशी तो एका वेळी पोहोचतच नाही. हंगेरीतील सेगेड येथील झोल्ट बोर यांनी १९८८ आणि १९८९ मध्ये या परिणामाचे सविस्तर गणित मांडले. दोन प्रकारच्या काचा जोडून केलेल्या वर्णदोषमुक्त भिंगात हा फरक बराचसा नाहीसा होतो, पण काचेची एकूण जाडी वाढल्याने पुढील दोष बळावतो.

तिसरा दोष म्हणजे काचेतील अपस्करणामुळे स्पंदाचे लांबणे. तांबड्याकडील घटक पुढे जातात आणि निळ्याकडील मागे राहतात. ८०० नॅनोमीटरजवळ वितळवलेल्या सिलिका काचेचे समूह-वेग अपस्करण प्रत्येक मिलिमीटरला सुमारे ३६ वर्ग-फेम्टोसेकंद असते. त्यानुसार ५ मिलिमीटर जाडीच्या सिलिकेतून १०० फेम्टोसेकंदांचा स्पंद जवळजवळ जसाच्या तसा बाहेर पडतो. ३० फेम्टोसेकंदांचा स्पंद सुमारे ३४ फेम्टोसेकंदांचा होतो. १० फेम्टोसेकंदांचा स्पंद मात्र पाचपट लांबून सुमारे ५१ फेम्टोसेकंदांचा होतो. स्पंद जितका आखूड, तितकी काच त्याला अधिक बाधते. हे लांबणे आधीच उलट अपस्करण देऊन बऱ्याच अंशी भरून काढता येते. दुसरा दोष तसा भरून काढता येत नाही, कारण तो शलाकेच्या प्रत्येक भागात वेगळा असतो.

चौथा दोष तीव्रतेमुळे उद्भवतो. तीव्र प्रकाशात काचेचा अपवर्तनांक स्वतःच वाढतो. शलाकेच्या मध्यात तीव्रता अधिक असल्याने तेथे कला अधिक मागे पडते आणि काच जणू एक अनाहूत भिंग बनते. ५ मिलिमीटर सिलिकेत तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला १०^११ वॉट एवढी झाली, की कलेतील हा बदल सुमारे १ रेडियन होतो आणि शलाकेचा दर्जा ढासळू लागतो. त्यापुढे शलाका तुटक तंतूंत विभागून काचेची कायमची हानी होऊ शकते. टेरावॉट शक्तीच्या शलाकेला वाटेत भिंग ठेवणे त्यामुळे बहुधा अशक्यच असते.

आरशाचे तत्त्व

आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात हा नियम तरंगलांबीवर अवलंबून नाही. म्हणून आरशाच्या नाभीय अंतरात रंगामुळे फरक पडत नाही. आयझॅक न्यूटन यांनी १६६८ मध्ये परावर्ती दूरदर्शक तयार केला, तो भिंगांतील रंगदोष टाळण्यासाठीच. अतिलघु स्पंदांच्या बाबतीत तेच तत्त्व एका नव्या कारणासाठी उपयोगी पडते, कारण येथे रंगदोष प्रतिमा अस्पष्ट करतोच, शिवाय स्पंदाचा काळही लांबवतो.

आरशाला कोणता आकार द्यावा, याचे उत्तर अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, या वक्राच्या व्याख्येतच आहे. नाभी नावाचा एक स्थिर बिंदू आणि नियता नावाची एक स्थिर रेषा यांपासून समान अंतरावर असणाऱ्या बिंदूंचा संच म्हणजे अन्वस्त. अक्षाला समांतर येणारा प्रत्येक किरण परावर्तित होऊन नाभीतून जातो आणि सपाट तरंगाग्रापासून आरशापर्यंत व तेथून नाभीपर्यंत त्याने कापलेले एकूण अंतर प्रत्येक किरणाच्या बाबतीत सारखेच असते. समान अंतर म्हणजे समान वेळ. म्हणून अन्वस्तीय आरशावर पडलेल्या तबकडीसारख्या स्पंदाचे सर्व भाग एकाच बिंदूत आणि एकाच क्षणी पोहोचतात. काच नसल्याने समूह वेग आणि तरंगाग्राचा वेग यांत भेदही उरत नाही.

अन्वस्ताच्या या गुणधर्माची सिद्धता ग्रीक गणिती डायोक्लीझ यांच्या दाहक आरशांवरील ग्रंथात आढळते. त्यांचा काळ इसवी सनापूर्वी २०० च्या सुमाराचा मानला जातो. सूर्यकिरण एका जागी एकवटण्यासाठी शोधलेली ही भूमिती आज फेम्टोसेकंदांचे स्पंद एकवटण्यासाठी वापरली जाते.

आरशांचे प्रकार

गोलीय आरसा : हा घडवण्यास सर्वांत सोपा आणि स्वस्त असतो. त्याचे नाभीय अंतर वक्रता त्रिज्येच्या निम्मे असते. मात्र काठाजवळचे किरण मध्याजवळच्या किरणांपेक्षा आरशाच्या अधिक जवळ एकत्र येतात. यालाच गोलीय विपथन म्हणतात. शलाकेच्या व्यासाच्या मानाने नाभीय अंतर मोठे असेल तर हा दोष नगण्य असतो. परंतु १०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या गोलीय आरशावर ५० मिलिमीटर व्यासाची शलाका टाकली, तर काठाजवळच्या प्रकाशाच्या मार्गात सुमारे १२ मायक्रोमीटरचा फरक पडतो. ही ८०० नॅनोमीटरच्या पंधरा तरंगलांबी झाली, आणि वेळेच्या हिशेबात सुमारे ४० फेम्टोसेकंद.

गोलीय आरशाची दुसरी अडचण म्हणजे त्याची नाभी येणाऱ्या शलाकेच्या वाटेतच असते. ती बाजूला काढण्यासाठी आरसा कलता ठेवावा लागतो आणि त्यामुळे अबिंदुकता हा दोष येतो: उभ्या आणि आडव्या प्रतलांतील किरण वेगवेगळ्या अंतरांवर एकत्र येतात. १ मीटर नाभीय अंतराच्या आरशावर प्रकाश ५ अंशांच्या आपाती कोनाने पडला, तरी या दोन नाभींमध्ये ७.६ मिलिमीटरचे अंतर पडते. हाच दोष लेसरच्या पोकळीत मात्र उपयोगी पडतो. स्फटिक तिरका ठेवल्याने निर्माण होणारी अबिंदुकता कलत्या गोलीय आरशांच्या उलट अबिंदुकतेने नाहीशी करता येते. रंजकद्रव्य लेसरसाठी ही रचना १९७२ मध्ये मांडली गेली आणि पुढे टायटॅनियम-नीलम लेसरमध्येही ती रूढ झाली.

अक्षबाह्य अन्वस्तीय आरसा : एका मोठ्या अन्वस्तीय पृष्ठाचा अक्षापासून दूर असलेला तुकडा कापून घेतला, तर त्या तुकड्यालाही मूळ पृष्ठाचीच नाभी असते. शलाका मूळ अक्षाला समांतर आली की ती वळून या नाभीत एकवटते आणि नाभी येणाऱ्या शलाकेच्या बाहेर राहते. त्यामुळे तेथे लक्ष्य, कॅमेरा किंवा वायूची तोटी ठेवता येते. शलाका किती अंशांनी वळते, यावरून आरशाला ३० अंशांचा, ६० अंशांचा किंवा ९० अंशांचा असे म्हटले जाते.

अशा आरशाचे परिणामी नाभीय अंतर मूळ अन्वस्ताच्या नाभीय अंतरापेक्षा मोठे असते. मूळ अंतराची दुप्पट करून तिला, एक अधिक वळणाच्या कोनाची कोज्या, या संख्येने भागले की परिणामी अंतर मिळते. त्यानुसार ९० अंशांच्या आरशाचे परिणामी नाभीय अंतर मूळ अंतराच्या बरोबर दुप्पट असते, ६० अंशांच्या आरशाचे सुमारे १.३३ पट आणि ३० अंशांच्या आरशाचे सुमारे १.०७ पट.

विवृत्तीय आरसा : विवृत्ताला, म्हणजे लंबवर्तुळाला, दोन नाभी असतात आणि एका नाभीतून निघालेला प्रकाश दुसरीत एकत्र येतो. एका लहान उगमापासून पसरणारा प्रकाश पुन्हा एकवटायचा असेल तेव्हा हा आरसा उपयोगी पडतो.

वलयपृष्ठीय आरसा : याची वक्रता दोन परस्परलंब दिशांत वेगवेगळी असते; सायकलच्या फुगवलेल्या ट्यूबचा आतील पृष्ठभाग हे त्याचे परिचित उदाहरण. प्रकाश अगदी तिरका पडत असताना येणारी अबिंदुकता या दोन वक्रतांनी भरून काढता येते.

दोन आरशांची वस्तुभिंगे : कार्ल श्वार्ट्सशिल्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेत एक अंतर्गोल आणि एक बहिर्गोल असे दोन गोलीय आरसे समाक्ष बसवलेले असतात. दोघांचे विपथन परस्परांना छेद देते, म्हणून सूक्ष्मदर्शकात काचेविना लहान ठिपका मिळतो. मात्र लहान आरशामुळे शलाकेचा मधला भाग अडतो.

ठिपक्याचा आकार आणि तीव्रता

दोषरहित आरसाही प्रकाश गणिती बिंदूत एकवटू शकत नाही. विवर्तनामुळे ठिपक्याला काही आकार राहतोच. तो तरंगलांबीच्या आणि नाभीय अंतराला शलाकेच्या व्यासाने भागून येणाऱ्या संख्येच्या प्रमाणात असतो. या संख्येला नाभी-अंक म्हणता येईल. एकसमान भरलेल्या वर्तुळाकार शलाकेसाठी मध्यवर्ती ठिपक्याचा, पहिल्या काळ्या कड्यापर्यंतचा व्यास तरंगलांबी आणि नाभी-अंक यांच्या गुणाकाराच्या २.४४ पट असतो. तरंगलांबी ८०० नॅनोमीटर आणि नाभी-अंक २ असल्यास तो सुमारे ३.९ मायक्रोमीटर येतो. सर्व रंगांची नाभी एकाच ठिकाणी असली, तरी लांब तरंगलांबीचा ठिपका किंचित मोठा असतो.

केंद्रीकरणाच्या दर्जाला एवढे महत्त्व का, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १ ज्यूल ऊर्जेचा ३० फेम्टोसेकंदांचा स्पंद म्हणजे सुमारे ३३ टेरावॉट शक्ती. यातील निम्मी ऊर्जा ५ मायक्रोमीटर व्यासाच्या वर्तुळात एकवटली, तर तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८ × १०^१९ वॉट होते. विपथनामुळे तीच ऊर्जा १० मायक्रोमीटरच्या वर्तुळात पसरली, तर क्षेत्रफळ चौपट होऊन तीव्रता २ × १०^१९ वॉट एवढीच राहते. ही घट भरून काढायची तर लेसरची ऊर्जा चौपट करावी लागेल, म्हणजे मोठे स्फटिक, अधिक पंप लेसर आणि मोठी विवर्तन जालके लागतील. शेवटच्या आरशाचा दोष संपूर्ण यंत्रणेचा तीन चतुर्थांश लाभ घालवू शकतो.

८०० नॅनोमीटर प्रकाशाची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ × १०^१८ वॉटच्या पुढे गेली, की त्या प्रकाशात आंदोलन पावणाऱ्या इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळ पोहोचतो आणि सापेक्षतेचे परिणाम ठळक होतात. प्रयोग या सीमेच्या अलीकडे राहतो की पलीकडे जातो, हे पुष्कळदा ठिपक्याच्या आकारावरच ठरते.

पृष्ठभाग आणि लेप

परावर्तनात पृष्ठभागाचा दोष मार्गात दुप्पट होऊन उतरतो, कारण खोलगट भागात प्रकाश जातानाही अधिक अंतर कापतो आणि येतानाही. तरंगाग्रातील सरासरी-वर्ग विचलन तरंगलांबीच्या चौदाव्या भागाइतके असेल, तर ठिपक्याची कमाल तीव्रता आदर्शाच्या सुमारे ८० टक्के राहते. त्यासाठी जवळजवळ लंब दिशेने प्रकाश घेणाऱ्या आरशाच्या पृष्ठभागातील विचलन तरंगलांबीच्या अठ्ठाविसाव्या भागापर्यंत, म्हणजे ८०० नॅनोमीटरसाठी सुमारे २९ नॅनोमीटरपर्यंत मर्यादित ठेवावे लागते.

अन्वस्तीय आरसे बहुधा हिऱ्याच्या टोकाने कातून किंवा काचेला पॉलिश करून तयार करतात. कातलेल्या धातूवर बारीक समांतर चरे राहतात आणि त्यांमुळे थोडा प्रकाश विखुरतो. पॉलिश केलेली काच अधिक गुळगुळीत असते, पण अन्वस्तीय आकारात ती घडवणे खर्चिक असते.

लेप दोन प्रकारचे असतात. सोने आणि चांदी यांसारख्या धातूंचे लेप विस्तृत पट्ट्यात परावर्तन करतात व स्पंद फारसा लांबवत नाहीत. ८०० नॅनोमीटरजवळ या दोन्हींची परावर्तनक्षमता ९५ टक्क्यांहून अधिक असते. ॲल्युमिनियमची मात्र तेथे सुमारे ८७ टक्क्यांपर्यंत उतरते. विद्युत-अपारक पदार्थांच्या अनेक पातळ थरांचे लेप याहून अधिक परावर्तन करतात आणि अधिक तीव्रता सोसतात. पण त्यांचा पट्टा मर्यादित असतो आणि पट्ट्याच्या कडांवर ते स्वतःच स्पंद लांबवू शकतात. याच थरांची जाडी क्रमाने बदलून मुद्दाम उलट अपस्करण देणारे चर्प आरसे १९९४ मध्ये प्रथम दाखवण्यात आले.

लेप जळू नये यासाठी शलाका आरशावर पोहोचण्यापूर्वी रुंद केलेली असते. म्हणूनच पेटावॉट यंत्रणांतील आरसे मोठे असतात.

जुळवणी

अन्वस्तीय आरसा केवळ एकाच दिशेने, म्हणजे मूळ अक्षाला समांतर येणाऱ्या शलाकेसाठी निर्दोष असतो. दिशा किंचित चुकली तरी अबिंदुकता आणि कोमा हे दोष येतात; कोमामुळे ठिपक्याला धूमकेतूसारखी शेपटी फुटते. नाभी-अंक जितका लहान, तितकी ही संवेदनशीलता अधिक. अशा आरशांची कोनीय जुळवणी मिलिरेडियनच्या अंशांत करावी लागते. गोलीय आरसा घडवण्यास सोपा, पण सदोष. अन्वस्तीय आरसा निर्दोष, पण जुळवण्यास कठीण, अशी ही देवघेव आहे.

जुळवणीचा नेहमीचा क्रम पुढीलप्रमाणे असतो. प्रथम शलाका खरोखर समांतर आहे का, ते तपासले जाते. मग स्पंदाची ऊर्जा पुष्कळ कमी करून नाभीपाशी सूक्ष्मदर्शकाचे वस्तुभिंग व कॅमेरा बसवून ठिपक्याची प्रतिमा पाहिली जाते. कॅमेरा नाभीच्या थोडा पुढे आणि थोडा मागे सरकवल्यावर ठिपका एकदा आडवा आणि एकदा उभा लांबट दिसला, तर ती अबिंदुकतेची खूण होय. आरशाचे दोन्ही कल आणि शलाकेची दिशा आळीपाळीने थोडी थोडी बदलून ठिपका दोन्ही बाजूंना गोल दिसेपर्यंत हे काम चालते. ८०० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण दृष्टिपटलाला इजा करू शकतो. त्यामुळे या कामात संरक्षक चष्मा अनिवार्य असतो.

आरशाच्या अगोदरच्या घटकांमुळे तरंगाग्रात आलेले दोष जुळवणीने जात नाहीत. त्यासाठी शॅक-हार्टमन संवेदकाने तरंगाग्र मोजून, मागील बाजूने दाब किंवा ओढ देऊन आकार बदलता येणाऱ्या आरशाने ते सुधारले जाते. खगोलशास्त्रात वातावरणाचा परिणाम दूर करण्यासाठी वापरले जाणारे अनुकूली प्रकाशिकीचे तंत्र तेच येथेही आहे.

आरशाने न सुटणारे प्रश्न

आरसा स्वतः स्पंद बिघडवत नसला, तरी आधीच बिघडलेला स्पंद तो दुरुस्तही करत नाही. विवर्तन जालके किंचित चुकीच्या कोनात बसली, तर स्पंदातील निरनिराळे रंग निरनिराळ्या दिशांनी निघतात. आरसा प्रत्येक दिशेला नाभीप्रतलात वेगळी जागा देतो, म्हणून नाभीपाशी रंग शेजारी शेजारी पसरतात. कोणत्याही एका जागी पूर्ण पट्टा उरत नाही आणि तेथील स्पंद लांब होतो. निर्दोष आरसा असूनही तीव्रता कमी भरते, ती अनेकदा या कारणामुळे.

नाभीतून जाताना प्रत्येक केंद्रित तरंगाच्या कलेत अर्ध्या तरंगाइतका अतिरिक्त बदल होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई जॉर्ज गुई यांनी १८९० मध्ये हा परिणाम दाखवला. लांब स्पंदात तो लक्षात येत नाही. परंतु ज्या स्पंदात तरंगाची दोन-तीनच आवर्तने असतात, त्यात विद्युत क्षेत्राचे शिखर स्पंदाच्या कमाल बिंदूवर येते की त्याच्या बाजूला, हे नाभीच्या पुढे आणि मागे बदलत जाते.

आणखी एक अडचण व्यावहारिक आहे. लक्ष्यातून उडालेले कण आरशावर बसून लेप खराब करतात. त्यासाठी आरशासमोर अतिशय पातळ संरक्षक पटल ठेवले जाते किंवा लांब नाभीय अंतराचा आरसा निवडला जातो. तीव्र केंद्रीकरण हवेत केल्यास हवेचेच आयनीभवन होऊन शलाका विस्कटते, म्हणून असे प्रयोग निर्वात कक्षात केले जातात.

उपयोग

अत्युच्च तीव्रतेचे विक्रम याच तंत्रावर उभे आहेत. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात २००८ मध्ये ३०० टेरावॉट लेसर, नाभी-अंक १ असलेला अन्वस्तीय आरसा आणि आकार बदलता येणारा आरसा यांच्या साहाय्याने दर चौरस सेंटिमीटरला २ × १०^२२ वॉट एवढी तीव्रता गाठण्यात आली. दक्षिण कोरियातील ग्वांगजू येथे २०२१ मध्ये पेटावॉट लेसर सुमारे १.१ मायक्रोमीटरच्या ठिपक्यात एकवटून १०^२३ वॉटची मर्यादा ओलांडली गेली. तेथेही नाभी-अंक १.१ होता आणि तरंगाग्र सुधारण्यासाठी आकार बदलता येणारे दोन आरसे वापरले होते.

मुंबईत कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टेरावॉट शक्तीचे फेम्टोसेकंद लेसर असून अक्षबाह्य अन्वस्तीय आरशांनी घन लक्ष्यावर स्पंद एकवटून निर्माण होणारा तप्त प्लाझ्मा, त्यातील वेगवान इलेक्ट्रॉन आणि प्रचंड चुंबकी क्षेत्रे यांचा तेथे अभ्यास केला जातो. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातही याच प्रकारच्या शक्तिशाली लेसरवर आधारित संशोधन चालते.

इलेक्ट्रॉनांना वायूतील प्लाझ्मात वेग देण्याच्या प्रयोगांत स्पंदाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर अंतर अरुंद राहावे लागते. तेथे नाभी-अंक मोठा ठेवून लांब नाभीय अंतराचे आरसे वापरतात. घन लक्ष्यावरील प्रयोगांत याउलट नाभी-अंक लहान असतो.

ॲटोसेकंद, म्हणजे फेम्टोसेकंदाच्या हजाराव्या भागात मोजल्या जाणाऱ्या, स्पंदांच्या बाबतीत आरशाला पर्यायच नसतो. हे स्पंद अतिजंबुपार आणि मृदू क्ष-किरण पट्ट्यांत असतात आणि त्या पट्ट्यांत काच प्रकाश शोषून घेते. सोन्यासारख्या धातूवर अगदी तिरका पडलेला असा प्रकाश चांगला परावर्तित होतो, म्हणून वलयपृष्ठीय आणि विवृत्तीय आरसे या क्षेत्रात रूढ आहेत. एकामागोमाग एक काटकोनात ठेवलेल्या दोन वक्र आरशांनी क्ष-किरण एकवटण्याची रचना पॉल कर्कपॅट्रिक आणि आल्बर्ट बाएझ यांनी १९४८ मध्ये मांडली होती. ती आजही वापरात आहे. ॲटोसेकंद स्पंद निर्माण करण्याच्या प्रायोगिक पद्धतींसाठी पिएर आगोस्तिनी, फेरेन्स क्राउस आणि ॲन लुइलिए यांना २०२३ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

भिंग केव्हा पुरेसे असते

प्रत्येक अतिलघु स्पंदासाठी आरसाच हवा असे नाही. डोळ्याच्या पारपटलावरील शस्त्रक्रियांत वापरले जाणारे फेम्टोसेकंद लेसर साधारणतः काहीशे फेम्टोसेकंदांचे स्पंद देतात. एवढ्या लांब स्पंदाचा पट्टा अरुंद असतो आणि ऊर्जा मायक्रोज्यूलच्या आसपास असते, त्यामुळे भिंगांची रचना पुरेशी ठरते. द्वि-फोटॉन सूक्ष्मदर्शकातही सुमारे १०० फेम्टोसेकंदांचे स्पंद काचेच्या वस्तुभिंगातून एकवटले जातात आणि वस्तुभिंगातील अपस्करण आधीच उलट अपस्करण देऊन भरून काढता येते. शिवाय भिंग शलाकेच्या सरळ रेषेतच राहते, त्याची जुळवणी सोपी असते आणि त्यातून विस्तृत क्षेत्राची प्रतिमा मिळते. अन्वस्तीय आरशाला यांपैकी काहीच साधत नाही.

त्यामुळे निवड तीन गोष्टींवर ठरते: स्पंदाची लांबी, त्याची शक्ती आणि नाभी-अंक. स्पंद १०० फेम्टोसेकंद किंवा त्याहून लांब, शक्ती माफक आणि नाभी-अंक मोठा असेल, तर साधे भिंग चालते. शक्ती मोठी पण नाभीय अंतर लांब असेल, तर अल्प कोनात ठेवलेला गोलीय आरसा पुरतो. स्पंद काही फेम्टोसेकंदांचा असेल, किंवा शक्ती मोठी असून ठिपका तरंगलांबीच्या काही पटींइतकाच लहान हवा असेल, तर अक्षबाह्य अन्वस्तीय आरसा आणि त्याची काटेकोर जुळवणी यांवाचून मार्ग नसतो.